बाटलीवरचे लेबल आणि बाटलीतले औषध

बाजारात विकावयास येणाऱ्या बहुतेक वस्तूंची पारख गिऱ्हाईकास स्वतः करता येते. आंबा हुंगून पाहता येतो, मडके बोटाने वाजवून पाहता येते, गव्हाचा दाणा दाताखाली धरून पाहता येतो, लुगड्याचा पोत चिमटीत घेऊन अजमावता येतो. फसवणूक झालीच तर ती घरी गेल्यावर का होईना, उघडकीस येते. आणि पुढच्या बाजारी मनुष्य त्या दुकानाची पायरी चढत नाही. औषधाची गोष्ट मात्र अगदी निराळी आहे. बाटलीतला तांबडा द्रव कशाचा केलेला आहे, हे रंगावरून कळत नाही, वासावरून कळत नाही आणि चवीवरून तर मुळीच कळत नाही. शिवाय औषध घेणारा मनुष्य दुखण्याने किंवा घरच्या दुखणाइताच्या काळजीने गांजलेला असतो. चिकित्सा करण्याचे त्राण त्याच्या अंगी उरलेले नसते. गुण आला तर तो औषधाचा की निसर्गाचा, आणि अपाय झाला तर तो औषधाचा की रोगाचा, याचा निवाडाही त्यास करता येत नाही. अशा व्यवहारात त्याच्या हाती एकच आधार उरतो. तो म्हणजे बाटलीवर चिकटविलेला कागदाचा तुकडा. त्या लेबलावर लिहिले आहे ते खरे, एवढ्याच विश्वासावर तो बाटली तोंडास लावतो.

या विश्वासाचे रक्षण सरकारने कसे करावे, हा प्रश्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पन्नासांहून अधिक वर्षे लढविला गेला. त्या लढ्यात कायद्याने एकेक पायरी कशी चढली आणि प्रत्येक पायरीसाठी काय किंमत द्यावी लागली, हे ध्यानात घेतले म्हणजे औषधाच्या कायद्याचे मर्म कळते. लेबल खरे असावे, एवढे म्हणून भागत नाही. ते खरे आहे की नाही हे विक्रीपूर्वी कोणी तरी तपासून पाहिलेले असावे लागते. हे साधे तत्त्व पटावयास त्या देशात शंभरांवर माणसे दगावावी लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत शक्तिवर्धक औषधांचा नुसता सुळसुळाट झाला होता. त्यांस पेटंट औषधे म्हणत. पण बहुतेकांचे पेटंट मुळी घेतलेलेच नसे, कारण पेटंट घ्यावयाचे तर घटक जाहीर करावे लागते. घटक गुप्त आणि गुण मात्र जगजाहीर, अशी त्यांची तऱ्हा होती. ओहायो संस्थानात डॉक्टर हार्टमन यांनी काढलेले ‘पेरुना’ हे यांपैकी अतिशय प्रसिद्ध औषध. शरीरातील जवळजवळ प्रत्येक रोग हा कोठल्या ना कोठल्या इंद्रियाचा पडसाच होय, आणि पडशावर पेरुना रामबाण आहे, असा त्यांचा सिद्धान्त. या औषधात सुमारे २८ टक्के मद्यार्क असे. दारूस न शिवणारी सोवळी कुटुंबे हे टॉनिक मोठ्या श्रद्धेने घेत आणि घेतल्यावर हुशारी वाटते असे प्रशस्तिपत्र लिहून पाठवीत. हुशारी कशाने वाटे, हे सांगावयास नकोच. १९०५ साली अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या वसाहतींत पेरुना विकण्यास सरकारी खात्याने मनाई केली. कारण दारूबंदी असलेल्या त्या वसाहतींत दारूच्या जागी ते टॉनिक चालू लागले होते.

मोठ्या माणसांची ही कथा, तर लहानांची याहून दारुण. ‘मिसेस विन्सलो यांचे सूदिंग सिरप’ या नावाचे एक गोड औषध दात येणाऱ्या तान्ह्या मुलांस देत. मूल खरोखरच शांत होई, कारण त्यात मॉर्फिन म्हणजे अफूचे सत्त्व होते. आपण मुलास अफू पाजतो आहोत, ही गोष्ट आईस बाटलीवरून समजण्यास काही मार्ग नव्हता. कित्येक मुले त्या शांततेतून पुन्हा जागी झाली नाहीत.

वृत्तपत्रांनी याविरुद्ध ओरड का केली नाही, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर जाहिरातींच्या करारपत्रात होते. औषधवाले वृत्तपत्रांशी जे करार करीत त्यांत तांबड्या शाईने छापलेले एक कलम असे. पेटंट औषधांच्या विक्रीस आडकाठी करणारा कायदा त्या संस्थानात झाला तर हा करार रद्द समजावा, असा त्याचा मतलब. तेव्हा असा कायदा होऊ न देण्याची काळजी संपादकच वाहू लागले. ही गोष्ट आणि अशाच कितीतरी गोष्टी सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स या पत्रकाराने १९०५ च्या ऑक्टोबरपासून ‘कॉलियर्स’ साप्ताहिकातील लेखमालेत वेशीवर टांगल्या. हार्वे वायली हे सरकारी रसायनशास्त्रज्ञ तर वीस वर्षांहून अधिक काळ कायद्यासाठी खटपट करीत होते. अखेर ३० जून १९०६ रोजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न व औषध कायद्यावर सही केली.

हा कायदा मोठा साधा होता. औषध विकू नका, असे तो म्हणत नव्हता. खोटे बोलून विकू नका, एवढेच म्हणत होता. मद्यार्क, अफू, मॉर्फिन, कोकेन, हेरॉइन, क्लोरोफॉर्म, भांग इत्यादी ११ घातक द्रव्यांपैकी एखादे द्रव्य औषधात असेल, तर त्याचे नाव व प्रमाण लेबलावर छापणे आवश्यक ठरले. सक्ती एवढीच, पण परिणाम मोठा झाला. ज्या आईस बाटलीवर ‘मॉर्फिन’ हा शब्द वाचावयास मिळाला, तिचा हात बाटलीकडे जाईना. सत्य नुसते छापले तरी ते केवढे काम करते, याचा हा धडाच होता.

तथापि, या कायद्यात एक मोठे भगदाड राहून गेले होते. कॅन्सस सिटी येथील जॉन्सन नावाचे एक डॉक्टर कर्करोगावरील औषध म्हणून काही गोळ्या व द्रव विकीत. त्यांनी रोग बरा होत नाही, हे सरकारने दाखवून दिले व खटला भरला. १९११ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निकाल दिला की, औषधात काय आहे याविषयी खोटे लिहिणे हा गुन्हा. त्याने काय बरे होते याविषयी खोटे लिहिणे हा या कायद्याखाली गुन्हा नव्हे. म्हणजे पाण्यास दूध म्हणणे गैर, पण पाण्याने कर्करोग बरा होतो म्हणणे कायदेशीर! पुढच्याच वर्षी, १९१२ साली, शर्ली दुरुस्ती होऊन हे भगदाड बुजविण्यात आले. पण बुजविताना दुसरे पडले. लेबलावरील दावा नुसता खोटा असून भागेना. विक्रेत्याच्या मनात फसविण्याचा हेतू होता, हेही सरकारने शाबीत करावे, असे ठरले. मनातला हेतू न्यायालयात कसा दाखवावयाचा? ‘माझी या औषधावर मनःपूर्वक श्रद्धा आहे’ असे विक्रेत्याने म्हटले की सरकारी वकिलाचा पाय तेथेच अडके.

१९३३ साली अन्न व औषध प्रशासनाने कायद्याचा दुबळेपणा लोकांच्या नजरेस आणण्यासाठी एक प्रदर्शन मांडले. वृत्तपत्रांनी त्यास ‘भयानकांचे दालन’ असे नाव दिले. त्यात ‘बॅनबार’ नावाचे मधुमेहावरचे एक औषध होते. एका रानवनस्पतीचा अर्क, यापलीकडे त्यात विशेष काही नव्हते. आणि इन्शुलिनचा शोध लागून तर दहा वर्षे उलटली होती. प्रदर्शनात एका बाजूस रोग्यांनी या औषधाची स्तुती करून लिहिलेली पत्रे लावली होती, आणि त्यांच्या शेजारी त्याच रोग्यांचे मधुमेहाने मृत्यू झाल्याचे दाखले. तरीही ते औषध बाजारातून उठविणे प्रशासनास साधले नव्हते.

याहून चमत्कारिक प्रकार ‘रॅडिथॉर’ या पाण्याचा. शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या या छोट्या बाटलीत रेडियम विरघळविलेले असे. एबेन बायर्स नावाचे पिट्सबर्गचे एक श्रीमंत उद्योगपती, एके काळचे गॉल्फचे विजेते, १९२७ सालापासून हे पाणी नेमाने पिऊ लागले. पुढे त्यांच्या जबड्याचे हाड झिजून गेले, हाडे ठिसूळ झाली, आणि ३१ मार्च १९३२ रोजी त्यांचा अंत झाला. आता येथे मौज, मौज कसली, विपरीतपणा असा की, रॅडिथॉरचे लेबल खरे होते! बाटलीत रेडियम आहे असे लिहिलेले होते, आणि ते होतेच. रेडियम नसते तर खोटे लेबल म्हणून अन्न व औषध प्रशासनास खटला भरता आला असता. ते असल्यामुळे प्रशासनाचे हात बांधलेले राहिले. व्यापारावर देखरेख करणाऱ्या निराळ्या आयोगाने १९३१ साली निरुपद्रवीपणाच्या खोट्या जाहिरातींबद्दल मनाई हुकूम काढला, तेव्हा कोठे ती विक्री थांबली. लेबल खरे असूनही औषध जीव घेऊ शकते, ही गोष्ट येथे प्रथम इतक्या ढळढळीतपणे दिसून आली.

आणि मग १९३७ साल उजाडले. त्या वेळी सल्फॅनिलामाइड हे औषध नवे व खरोखरच गुणकारी होते. घशाच्या व इतर पूयजन्य रोगांवर ते गोळीच्या किंवा भुकटीच्या रूपाने देत. मुलांस गोळी गिळवत नाही, तेव्हा पातळ औषधास मागणी येऊ लागली. टेनेसी संस्थानातील ब्रिस्टल गावच्या मॅसेंगिल कंपनीचे मुख्य रसायनज्ञ हॅरॉल्ड वॉटकिन्स यांनी अनेक द्रव घेऊन पाहिले, तेव्हा ते डायएथिलीन ग्लायकॉल या गोडसर द्रवात चांगले विरघळते असे त्यांस आढळले. त्यात रास्पबेरीचा स्वाद घातला, रंग पाहिला, वास पाहिला, चव पाहिली. पाहिले नाही ते एवढेच की, हा द्रव पोटात गेला तर काय होते. कायद्यानेही तसे पाहण्याची सक्ती कोणावर केलेली नव्हती. एकंदर २४० गॅलन औषध तयार झाले. त्यात ७२ टक्के भाग या ग्लायकॉलचा होता. सप्टेंबरमध्ये ते देशभर रवाना झाले. लेबलावर नाव होते, ‘एलिक्झर सल्फॅनिलामाइड’.

ऑक्टोबरच्या प्रारंभी ओक्लाहोमा संस्थानातील टल्सा शहरातून बातमी आली की, हे औषध घेतलेली मुले मरत आहेत. लघवी बंद होई, पोटात असह्य कळा येत, झापड येई, झटके येत, आणि काही दिवसांत सारे आटपे. डायएथिलीन ग्लायकॉलने मूत्रपिंडे निकामी झालेली असत. त्यावर उतारा नव्हता. कंपनीने प्रथम औषध परत मागविण्याच्या तारा पाठविल्या, पण त्यांत धोक्याचा उल्लेखच केला नव्हता. हे औषध प्राणघातक ठरण्याचा संभव आहे, असे स्पष्ट सांगणाऱ्या दुसऱ्या तारा सरकारी अधिकाऱ्यांनी आग्रह धरून पाठवावयास लावल्या.

अन्न व औषध प्रशासनाचे २३९ निरीक्षक व रसायनज्ञ, म्हणजे जवळजवळ सारे खातेच, त्या बाटल्यांच्या शोधास लागले. ते दुकानांच्या वह्या चाळीत, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तपाशीत, नुसत्या आडनावावरून घर शोधीत, खेडोपाडी हिंडत. एका रसायनज्ञाने या कामासाठी स्वतःचे लग्न पुढे ढकलले. अशा रीतीने २४० पैकी २३४ गॅलनांहून थोडे अधिक औषध परत हाती आले. उरलेले पाच-सहा गॅलन मात्र आधीच लोकांच्या पोटात गेले होते. त्याने १५ संस्थानांत शंभरांहून अधिक माणसांचे प्राण घेतले, आणि त्यांत बालके पुष्कळ होती.

आता या साऱ्या कथेतील मर्माची गोष्ट पाहावी. विषारी औषध विकले म्हणून सरकारला त्या बाटल्या जप्त करता येत नव्हत्या. कारण विषारी औषध विकू नये, असे कोठल्याच कलमात म्हटलेले नव्हते. जप्ती झाली ती एका शब्दाच्या बळावर. ‘एलिक्झर’ या शब्दाचा औषधशास्त्रात अर्थ मद्यार्क घातलेला गोड द्रव असा होतो. या औषधात मद्यार्काचा थेंबही नव्हता. तेव्हा लेबल खोटे ठरले, आणि या तांत्रिक खोटेपणाच्या आधारे निरीक्षकांनी बाटल्या ताब्यात घेतल्या. कंपनीने नाव ठेवताना ‘एलिक्झर’ऐवजी ‘द्रावण’ असा शब्द योजला असता, तर कायद्याचा भंगच झाला नसता आणि बाटल्या दुकानांच्या फळ्यांवर तशाच राहिल्या असत्या. शेकडो जीव वाचले ते औषध घातक होते म्हणून नव्हे, तर त्याचे नाव व्याकरणाच्या दृष्टीने चुकले होते म्हणून! कंपनीस दंड झाला तोही खोट्या नावाबद्दल. रक्कम २६,१०० डॉलर. कायद्याने मागितलेले सर्व आपण पाळले होते, जबाबदारी आपली नाही, अशी मालकाची भूमिका होती. वॉटकिन्स यांनी मात्र खटला उभा राहण्यापूर्वीच आत्महत्या केली.

मेलेल्या मुलांच्या आईबापांची पत्रे राजधानीस जाऊन थडकली. टल्साच्या एका मातेने आपल्या सहा वर्षांच्या मुलीचे छायाचित्र जोडून अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांस लिहिले. पाच वर्षे रखडलेले विधेयक आता पुढे सरकले, आणि २५ जून १९३८ रोजी नव्या कायद्यावर अध्यक्षांची सही झाली. नवे औषध बाजारात आणण्यापूर्वी ते निर्धोक आहे याचा पुरावा सरकारपुढे ठेवला पाहिजे, हे या कायद्याचे मुख्य कलम. विक्रेत्याच्या मनातला हेतू शाबीत करण्याची अटही गेली. ग्लायकॉलच्या विषाची तपासणी शिकागोच्या प्रयोगशाळेत चालली असता फ्रान्सिस केल्सी नावाची एक तरुण विद्यार्थिनी त्या कामी मदत करीत होती. हीच बाई पुढे १९६० साली प्रशासनात अधिकारी असताना थॅलिडोमाइड या औषधाच्या परवान्यासाठी अर्ज आला, आणि पुरावा अपुरा आहे म्हणून तिने तो अडवून धरला. युरोपात त्या औषधापायी हजारो अर्भके हातापायांनी अधू जन्मली. अमेरिका बहुतांशी वाचली. त्यानंतर १९६२ साली कायद्याने अखेरची पायरी गाठली. औषध निर्धोक असून भागणार नाही, ते गुणकारी आहे हेही आधी सिद्ध करावे, असे ठरले.

हा झाला परदेशचा इतिहास. भारतात कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली १९३० साली सरकारने चौकशी समिती नेमली. बनावट व हिणकस औषधांचा तिने जो शोध घेतला, त्याचे फळ म्हणून १९४० चा औषध कायदा झाला. पुढे १९५४ साली जादूटोण्याच्या व खात्रीलायक गुणाच्या जाहिरातींवर बंदी घालणारा निराळा कायदा करण्यात आला. मधुमेह, कर्करोग इत्यादी रोग बरे करण्याची हमी जाहिरातीतून देणे त्याने गुन्हा ठरविले. तेव्हा कायद्यांची वाण भारतात नाही. वाण कशाची आहे, ते पुढील दोन घटनांवरून दिसून येईल.

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेल्या १४ रोग्यांचा मृत्यू झाला. ग्लिसरीन म्हणून आलेल्या त्या द्रवात डायएथिलीन ग्लायकॉल होते, म्हणजे १९३७ सालचेच विष. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा खरेदी, तपासणी आणि देखरेख या प्रत्येक टप्प्यावरील हयगय बाहेर आली. आणि २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात ‘कोल्ड्रिफ’ नावाचे खोकल्याचे औषध घेऊन वीसांहून अधिक बालके दगावली. त्यांपैकी कित्येकांस उपचारासाठी नागपुरास आणण्यात आले होते. तपासणीत त्या औषधात सुमारे ४८ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. मर्यादा आहे ०.१ टक्क्याची. तीच लक्षणे, तीच निकामी झालेली मूत्रपिंडे, तेच आईबापांचे विलाप, आणि मध्ये गेलेली तब्बल ८८ वर्षे!

हे विष शोधून काढणे रसायनशाळेस मुळीच अवघड नाही. कच्चा माल कारखान्यात आला की त्याची चाचणी घ्यावी, एवढेच करावयाचे असते. ते कोणी केले नाही, किंवा केल्याचे कागदावर लिहिले, म्हणजे लेबल पुन्हा खोटे पडते. औषधाच्या कायद्यास खरा अर्थ येतो तो कागदावरील कलमाने नव्हे, तर कारखान्याच्या दाराशी उभ्या असलेल्या प्रामाणिक निरीक्षकाने आणि वेळेवर अहवाल देणाऱ्या प्रयोगशाळेने. १९३७ साली अमेरिकेचा कायदा तोकडा होता, पण त्याची २३९ माणसे दारोदार हिंडली. कायदा भरभक्कम आणि माणसे मात्र जागेवर नाहीत, अशी स्थिती त्याहून वाईट म्हटली पाहिजे.

सामान्य गृहस्थाच्या हाती जे आहे तेही थोडे नाही. बाटलीवर औषधातील गुणकारी द्रव्यांची नावे व प्रमाण, बनविणाऱ्याचे नाव व पत्ता, परवान्याचा क्रमांक, घाण्याचा म्हणजे बॅचचा क्रमांक, तयार केल्याची व मुदत संपण्याची तारीख ही असावीच लागतात. ती नसतील तर बाटली घेऊ नये. असतील तर दुकानदाराची पावती मागून घ्यावी. लहान मुलास खोकल्याचे औषध शेजाऱ्याच्या सांगण्यावरून पाजू नये. औषध घेतल्यावर मुलाची लघवी कमी झाली किंवा थांबली, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे, आणि जाताना ती बाटली बरोबर न्यावी. ती फेकून देऊ नये. त्या बाटलीवरच्या क्रमांकावरूनच त्याच घाण्याच्या इतर बाटल्यांचा माग लागतो, आणि दुसऱ्या कोणाचे तरी मूल वाचू शकते. आणि ज्या टॉनिकाने मधुमेहापासून अशक्तपणापर्यंत यच्चयावत् रोग बरे होतात असे सांगितले जाते, त्याच्या बाटलीत काय आहे ते तपासण्याची गरजच नाही. ते लेबल आपला खोटेपणा आपल्याच तोंडाने सांगत असते.